काळ्या पाण्यावरचे आजोबा

"मेंढी!" किअरन छातीवर हात ठेवून म्हणाला. "एकच मेंढी चोरली त्याने, तर इंग्रजांनी आयर्लंडमधून थेट ऑस्ट्रेलियाला धाडलं. बेड्या घालून, जहाजात कोंबून. मागे बायको आणि एक पोर. त्या पोराचे आम्ही वंशज. अजून ख्रिसमसला पहिला ग्लास त्या चोराच्या नावाने उचलतो!"

प्रणवने हे सगळं हसत हसत आपल्या वडिलांना मराठीत सांगितलं. किअरन त्याच्या ऑफिसातला. वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळाच्या स्वातंत्र्यदिनाला तो दरवर्षी समोशांसाठी न चुकता हजर असायचा. भास्कररावांनी त्या लालबुंद, खुशालचेंडू माणसाकडे पाहिलं आणि त्यांना त्याचा हेवा वाटला. हा चोराच्या नावाने पितो, आणि आपल्याला साधं पाणी गिळवत नाही.

"आणि तुमच्याकडे कोणाला पाठवलं होतं?" किअरनने विचारलं.

"माझ्या पणजोबांना. अंदमानला. फ्रीडम फायटर! बाबांचा आज सत्कार त्यासाठीच तर आहे."

घोटाळा एका शब्दाचा होता. प्रणव लहान असताना भास्करराव एकदा बोलून गेले होते, "माझे आजोबा काळ्या पाण्यावर होते." पुढचं सांगायला जीभ रेटली नाही. पोरगं शाळेत सांगून आलं, बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. काळं पाणी म्हटलं की आपल्याकडे माणूस थेट देशभक्तच. तिथे खुनी आणि दरोडेखोरही बोटी भरभरून गेले, हे कोणाच्या मनातही येत नाही. भास्करराव गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ती मूठ मंडळाने माइकसमोर आणून ठेवली होती.

"भास्करकाका, या ना वर!" मंडळाच्या अध्यक्षा शुभदा म्हणाल्या. "दोन शब्द बोला, मग शाल-श्रीफळ देऊ. या?" जर्मनीत राहून त्यांच्या प्रत्येक वाक्याला हे जर्मन 'या'चं, म्हणजे 'हो ना'चं, शेपूट फुटलं होतं.

भास्करराव वर गेले. दोन शब्द म्हणजे काय, 'धन्यवाद' म्हटलं की सुटलो, असं त्यांनी ठरवलंही होतं. पण पहिल्या रांगेत नात निधी मोबाइल धरून उभी होती, आजोबांचं शूटिंग करायला. ही पोर हेच उद्या वर्गात दाखवणार. पुन्हा टाळ्या.

"माझ्या आजोबांचं नाव आत्माराम," ते म्हणाले. टाळ्या पडल्याच. भास्कररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टाळ्या नका वाजवू. ते पाटणजवळ एका सावकाराच्या घरी गडी होते. त्या घरातल्या म्हाताऱ्या विधवेचा त्यांनी गळा दाबला. पाटल्यांसाठी. दिवस मावळायच्या आत सोनाराच्या दुकानात पकडले गेले. देशाबिशाचा काही संबंध नाही."

सभागृहात कोणीतरी खुर्ची सरकवली. भास्कररावांना थांबवेना.

"म्हातारे होऊन परत आले. मी लहान होतो. गोठ्यात राहायचे. आजी ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि आत निघून जायची. कुंकू मात्र लावायची. ते दिवसभर घायपाताचा वाख वळत बसायचे, कोणाला दोर नको असला तरी. तिकडे तेच काम लावलं होतं म्हणे. कोणाशी बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. गाव सोडलं, पण लाज बरोबर आली. ती मी... पोराला खोटं सांगून लपवली. म्हणजे, खरं सांगितलं नाही."

शुभदा तबक घेऊन तशाच उभ्या होत्या. "आल्झो... म्हणजे..." त्या म्हणाल्या. "काका, तरी पण घ्या ना. ज्येष्ठ नागरिक म्हणून."

त्यांना अवघडायला नको म्हणून भास्कररावांनी शाल घेतली. शांततेत एकटा किअरन जोरजोरात टाळ्या वाजवत होता. त्याला मराठी येत नव्हती.

गाडी घराकडे निघाली. प्रणव म्हणाला, "बाबा, निदान घरी तरी सांगायचंत आधी. सोमवारी ऑफिसात काय तोंड दाखवू मी?"

"अरे, त्यांना किती जड गेलं असेल," त्याची बायको मैथिली म्हणाली. "अहो बाबा, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुमचा काय दोष त्यात?"

सून चांगली होती. भास्कररावांना तेवढ्यानेही बरं वाटलं. मनातली गाठ सैल झाली होती. लाजेचा जो काही हिशोब होता तो आज चारचौघांत चुकता केला, असं त्यांना वाटू लागलं.

"उंड दी फ्राऊ?" शेजारून निधीने विचारलं. "व्ही हीस झी?"

"काय म्हणते?"

"ती विचारतेय," प्रणव आरशात न बघता म्हणाला, "त्या बाईचं नाव काय होतं?"

भास्कररावांनी तोंड उघडलं. घरात तिला 'ती म्हातारी' म्हणायचे. नाहीतर 'ते प्रकरण'. वडील तेवढंही म्हणत नसत. आयुष्यभर त्यांनी आजोबांपायी मान खाली घातली होती. पण ती कोण होती, तिला कोणी होतं का, हे त्यांना कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

निधी वाट बघत होती.

"माहीत नाही, बाळा," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.