दगडावरचं अर्धं नाव

बागेतल्या स्मारकावर परक्या सरकारच्या लढाईत मेलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत. सगळी ठळक, आमच्या पणजोबांचं तेवढं पुसट. जेमतेम आडनाव उरलंय. बाबांच्या मते हा आमच्या घराण्यावरचा घोर अन्याय. नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवून त्यांनी नाव पुन्हा कोरायची परवानगी आणली, पाथरवट ठरवला, समारंभ ठरवला. पणजोबांच्या नोकरीची माहिती काढायचं काम तेवढं माझ्या गळ्यात मारलं आणि स्वतः भाषण पाठ करत बसले.

"सोपं आहे गं. आधी नगरपालिकेत माळी, मग लष्करात. लढता लढता गेले."

दोन्ही कचेऱ्यांत खेटे घातले. लष्कर म्हणालं, लढाईत ठार. नगरपालिका म्हणाली, याच बागेत वीस वर्षं माळी. पण नेमणूक ठार झाल्यानंतरची! सरकारी नोकरी लागल्यावर माणसं मेल्यासारखी वागताना मी पाहिलीयत. मेल्यावर नोकरीला लागलेला हा पहिलाच.

"बाबा, मग तुमच्या आत्या कुठून आल्या?" मी विचारलं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांची आत्या म्हणजे पणजोबांची धाकटी लेक, त्या लढाईनंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली. वय नव्वदीपुढे, दात नाहीत, पण जीभ शाबूत. आम्ही तडक तिच्या घरी गेलो.

"मेले कुठले? शत्रूच्या कैदेत होते," ती म्हणाली. "परत येऊन बघतात तर नाव दगडावर! साहेबाला सांगितलं, मी जिवंत आहे. साहेब म्हणाला, मग दगड खोटं बोलतो का? अप्पांनी मुकाट्याने त्याच बागेत नोकरी धरली. झाडांना पाणी घालून झालं की वाळू आणि ओली चिंधी घेऊन नाव घासायचे. रोज थोडंच, कुणाला कळू नये म्हणून. मी डबा घेऊन जायची आणि राखण करायची. कुणी आलं की खोकायची. आडनाव तेवढं राहिलं बघ, तोवर त्यांना निवृत्त केलं."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तू कुणाला बोलू देतोस का कधी?"

मला हसू आवरेना, आणि बाबांकडे बघून वाईटही वाटलं. परवानगी, पाथरवट, भाषण, सगळंच मुसळ केरात.

समारंभाच्या सकाळी पाहुणे यायच्या आधीच आम्ही बागेत पोचलो. आत्याआजीला खुर्चीत बसवलं. पाथरवटाने छिन्नी टेकवली. "करू सुरू?"

"थांबा," बाबा म्हणाले. त्यांनी भाषणाचा कागद खिशात कोंबला, रुमाल नळाखाली भिजवला, वाटेवरची मूठभर वाळू घेतली आणि दगडापुढे मांडी घातली. घरी स्वतःची कपबशीसुद्धा न विसळणारा हा माणूस आडनाव घासायला लागला. घासता घासता त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही.

आत्याआजीने मला खूण करून खुर्ची फाटकाकडे वळवून घेतली.

"घास तू," ती बाबांना म्हणाली. "कुणी आलं तर मी खोकते."