एकोणिसावा फाटा

रफूकाका निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांनी त्यांच्या जागी बसलेल्या तिला केबिनमध्ये बोलावलं. "सोळा वर्षं या माणसाने नुसते फाटे फोडून ठेवलेत. तेवढे निस्तर," ते म्हणाले.

कंपनी घरोघरच्या आजारी माणसांना ऑक्सिजनचे सिलिंडर पुरवायची. प्रत्यक्षात काम करणारे बाहेरचेच. डॉक्टरांचा दाखला तपासणारी सेवा एका कंपनीची, साठा कळवणारी दुसरीची, गाड्या तिसरीच्या. या सगळ्यांना एका दोरीत ओवणारी प्रणाली मात्र इथली: दाखला बघ, साठा बघ, गाडी पाठव, पोचल्याची नोंद घे. पण एका इस्पितळाचा दाखला महिन्याने संपायचा, दुसऱ्याचा आठवड्याने. एका भागात गाडी दुपारी जायची, दुसऱ्यात सकाळीच. अशी अडचण आली की काका मुख्य वाटेला एक फाटा काढून द्यायचे. फाटलं की टाका, म्हणून ते रफूकाका. असे त्रेसष्ट फाटे झाले होते. बाहेरची एखादी सेवा बदलली की त्रेसष्ट ठिकाणी हात घालावा लागायचा. साहेबांचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

तिने तक्ता केला. फाटा कोणता, किती वेळा वापरला, कशासाठी. निम्म्याअधिकांची कारणं जुन्या पत्रांतून सापडली. उरलेल्यांसाठी ती काकांना फोन करायची. सुरुवातीला काका खुशीत यायचे, एकेका फाट्याची कुळकथा सांगत बसायचे. तिसऱ्या महिन्यात फोन त्यांच्या मुलीने उचलला.

"ताई, थोडक्यात विचारा हं. बाबांचं हल्ली काही खरं नाही. सकाळी मलाच विचारत होते, तुम्ही कोणाकडे आलात म्हणून."

काका फोनवर आले. आवाज तोच होता.

"काका, एकोणीस नंबरचा फाटा. गाडीवाल्याने 'दार उघडलं नाही' असं कळवलं, तर मागणी बंद न करता गाडी पंधरा मिनिटं थांबवायची आणि दुसऱ्या नंबरवर फोन लावायचा. दोन वर्षांत एकाच इमारतीसाठी वापरलाय. कशासाठी होता?"

काकांनी 'एकोणीस, एकोणीस' असं दोनदा घोळवलं.

"तो ठेव," काका म्हणाले.

"ठेवते, पण कारण काय लिहू?"

"कारण होतं गं. चांगलं कारण होतं. जिभेवर आहे बघ अगदी." मग म्हणाले, "जेवलीस का?" तिने हो म्हटलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

साहेबांनी तक्ता पाहिला. "'कारण होतं' हे काय कारण झालं? एका पत्त्यासाठी आख्खा फाटा? काढून टाक."

तिला वाद घालता आला असता. त्या पत्त्यावर जाऊन यायला अर्धा दिवस पुरला असता. पण अजून अकरा फाटे बाकी होते, मुदत शुक्रवारची होती, आणि तक्त्यातली एक ओळ कमी झाल्याचं तिला बरंच वाटलं. नव्या वाटेवरून त्यांनी सहा महिन्यांच्या जुन्या मागण्या चालवून पाहिल्या. एकही अडकली नाही. जुन्या नोंदींत सगळं शेवटी पोचलेलंच होतं, त्यामुळे त्या चाचणीत प्रत्येक दार उघडत होतं.

नवी वाट सुरू झाल्यावर पाचव्या आठवड्यात इस्पितळाचं पत्र आलं. त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं राहायचं. बाई ऑक्सिजनवर होत्या, नवरा ठार बहिरा. गाडीवाल्याने दोन दिवस बेल वाजवली. म्हातारा आतच होता. बाईंना उठून दारापर्यंत येणं शक्य नव्हतं, ओरडण्याएवढा दम नव्हता. दुसऱ्यांदा 'दार उघडलं नाही' अशी नोंद झाली आणि प्रणालीने मागणी आपोआप बंद केली. खालच्या मजल्यावरच्या शिलाईवालीने कंपनीला फोन लावला, तेव्हा यंत्राने सांगितलं, मागणी बंद आहे, नव्या मागणीसाठी डॉक्टरांचा नवा दाखला लागेल. दाखला मिळेपर्यंत सिलिंडर संपला. बाईंना इस्पितळात नेलं. नवव्या दिवशी त्या गेल्या.

चौकशी झाली. प्रणाली ठरल्याप्रमाणेच चालली, असा निष्कर्ष निघाला. साहेब तिला हळू आवाजात म्हणाले, "तुझ्यावर काही येणार नाही. मी बघतो." फाटा पुन्हा बसवायला त्यांनी लगेच परवानगी दिली. बसवायला तिला चाळीस मिनिटं लागली.

शनिवारी ती त्या इमारतीत जाऊन पोचली. शिलाईवालीकडे चौथ्या मजल्याची किल्ली होती.

"पूर्वी तुमच्याकडून फोन यायचा," ती जिना चढताना म्हणाली. "मी वर जाऊन दार उघडायचे. या वेळी आलाच नाही. मला वाटलं, गाडी यायचीय अजून."

म्हातारा खिडकीशी बसला होता. तिला पाहून त्याने शेजारची वही पुढे केली. तिने आपण कुठून आलो ते लिहिलं. मग लिहिलं, "तुमचा फाटा मी काढला. चूक माझी आहे." फाटा म्हणजे काय हे त्याला कळणार नाही, हे तिच्या लक्षात आलं. ते खोडून तिने लिहिलं, "शेजारी फोन जाण्याची सोय मी बंद केली."

त्याने दोनदा वाचलं. तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हाकलून देईल. तिला तेच हवं होतं.

त्याने लिहिलं, "ती सोय करून देणारे गृहस्थ एकदा स्वतः आले होते. हिच्याशी खूप बोलले. बरे आहेत ना?"

तिने 'हल्ली त्यांना' एवढं लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, "बरे आहेत."

कोपऱ्यात रिकामा सिलिंडर उभा होता. त्याने त्याच्याकडे बोट दाखवलं आणि हात हलवला, घेऊन जा. न्यायला गाडी बोलवावी लागते, नोंद करावी लागते, हे ती सांगणार होती. सांगितलं नाही. तिने सिलिंडर आडवा केला, शिलाईवालीने दुसरं टोक धरलं, आणि दोघी पायरी पायरीने खाली उतरू लागल्या. तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबल्या, तेव्हा वरचं दार लागल्याचा आवाज आला.