पातूरच्या घाटातली चकमक

मित्रांनो, आज मला कोणी विचारत नाही, पण एके काळी आमच्या घरची चूल माझ्याशिवाय पेटत नसे. मी एक जुनी चकमक आहे. बोटभर लांबीचा, वाकवलेला पोलादाचा तुकडा. बाळापूरच्या एका लोहाराने मोडक्या कानशीपासून मला घडवले. मन नदीच्या पात्रातली एक गार, म्हणजे कठीण पांढरा दगड, माझ्या जोडीला आली. तिच्यावर मला घासले की ठिणगी उडे, ती कोरड्या कापसावर पडे आणि फुंकर घातली की विस्तव तयार. आम्ही दोघी नत्थुजींच्या कमरेच्या बटव्यात राहत असू.

नत्थुजी पातूरच्या घाटापलीकडचे शेतकरी. त्या वर्षांत साता समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. जो तो कापूसच पेरी. गाड्यांच्या रांगा घाट उतरून अकोल्याला जात. मुक्काम रानातच पडे, आणि तिथेच मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. रानसमज.

मला वाटले, रानात विस्तव करून देणारी मी, तेव्हा हे माझेच कौतुक असणार. पण नत्थुजी तो शब्द फार जपून वापरत. एकदा त्यांचा बैल वाटेवरच्या टिटवीच्या अंड्यांना वळसा घालून गेला, तेव्हा ते म्हणाले, "या बैलाले रानसमज हाय." पुढे एका वाटसरूलाही तेच म्हणाले. त्याने झऱ्याचे पाणी वर प्यायले आणि पाय मात्र खालच्या अंगाला जाऊन धुतले. त्यांचा मुलगा सूर्यभान झाडावर सरसर चढे, वेलींचे दोर वळी, चांदण्या पाहून वाट सांगे. त्याला ते एवढेच म्हणत, "तुले रान येते बाबू, समज यायची हाय."

मला हे कोडे उलगडेना. बैलाला आहे आणि सूर्यभानला नाही, असे हे आहे तरी काय? गारेला विचारून उपयोग नव्हता, ती पडली दगड. मी एकटीच विचार करत राही.

एका चैत्रात हंगामातला शेवटचा कापूस घेऊन बापलेक निघाले. सोबत सून सत्यभामा होती. तिचे माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी, हिवरखेडला. अकोल्याहून पुढे तिला तिकडे पोचवायचे होते. घाटात तिसऱ्या प्रहरी आभाळ काळे झाले आणि गारांचा मारा सुरू झाला. नत्थुजींनी आपली घोंगडी बैलांच्या पाठीवर टाकली आणि स्वतः भिजत राहिले. पाऊस थांबला तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. दात वाजत होते. थोड्या वेळाने दात वाजायचेही थांबले, तेव्हा सत्यभामा घाबरली.

सूर्यभानने बटवा उघडला. आतला कापूस चिंब. शेजारीच उभ्या असलेल्या आमच्या गाडीत मात्र गोणपाटाखाली कोरडा कापूस खच्चून भरला होता. त्यातला मूठभर पुरला असता. पण आमच्याकडची रीत अशी, की पूजा करून बांधलेला बोजा वाटेत सोडायचा नाही. सोडला तर घरची बरकत जाते.

"बोजा सोडू नोको," नत्थुजी पुटपुटले.

"तुमी मरून राहिले बाबा, अन् बोजा काय घेऊन बसले?"

"मेलो तरी सोडू नोको."

सूर्यभानने विळा उचलला खरा, पण बापाचा शब्द मोडून दोरीवर मारायला त्याचा हात धजेना.

"तो विळा मले द्या," सत्यभामा नवऱ्याला म्हणाली. "अन् ते सावरीचं झाड हाय ना, त्याची बोंडं काढा. उकललं नाई तेच काढा."

सावरीलाही कापूस येतो, मित्रांनो. मिटलेल्या बोंडात तो पावसातही कोरडा राहतो. सूर्यभान झाडावर चढला. तोवर सत्यभामेने वणव्यात जळलेल्या एका खुंटाच्या पोटातून विळ्याने कोरडा कोळसा खरवडला आणि सावरीच्या कापसाला चोळला. झाडावरच वाळलेल्या काटक्या मोडून आणल्या. मी अगदी तयार होऊन बसले, तर ती म्हणाली, "पयले गाडी वाऱ्याच्या वरल्या अंगाले न्या. दूर."

"बाबा थंडगार पडून राहिले अन् तुले गाडी सुचते?"

"कापसाले ठिणगी लागली त तिघंबी जाऊ."

गाडी हलली. मग तिने मला गारेवर घासले. पहिली ठिणगी विझली. दुसरीही विझली. मी मनापासून देवाचा धावा केला. पुढची ठिणगी सावरीच्या कापसात शिरली, लाल झाली, आणि तिने पदराच्या आडोशाला हळू फुंकर घातली.

हळूहळू नत्थुजींच्या चेहऱ्यावर रंग आला. ते उठून बसले, शेकोटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मी फुगून गेले. आता तो शब्द येणार! पण ते नुसते हात शेकत बसले. मला फार वाईट वाटले.

ऊन कलले. सूर्यभानने बैल जुंपले. "चाल, उशीर होऊन राहिला."

सत्यभामा उठेना. तिने निखारे पसरले, डबक्यातले पाणी तांब्याने आणून ओतले, चिखल कालवला. मग राखेवर तळहात ठेवून पाहिला. एका जागी ऊब लागली, तिथे पुन्हा पाणी ओतले.

"मागून कापसाच्या गाड्या येऊन राहिल्या," ती म्हणाली. "त्या इथंच थांबतीन."

नत्थुजी गाडीकडे निघाले होते, ते मागे वळले. मग म्हणाले, "सूनबाईले रानसमज हाय."

तेव्हा कुठे मला टिटवीची अंडी आठवली, झरा आठवला, आणि माझे कोडे सुटले. ठिणगी पाडणे माझे काम आहे. ती कोणाला लागेल याची काळजी मात्र मला कधी पडली नव्हती.

पुढे आगगाडी आली, तिच्या मागोमाग काडेपेटी आली, आणि मी चुलीवरच्या कोनाड्यात गेले. आता अंगावर गंज आहे. मला घासूनपुसून ठेवलेत तर मला आनंदच होईल. पण त्याआधी माझे एक ऐका. रानात कधी विस्तव केलात, तर उठण्याआधी राखेवर तळहात ठेवून पाहा. ऊब लागली, तर अजून थोडे बसा.