किल्ल्याचं सांडपाणी

आमच्या रोलप्लेच्या खेळात जग रचायचं काम माझं. बाकीच्यांनी त्यात वीर बनायचं आणि फासे टाकायचे. महिनाभर खपून मी नदी, किल्ला, दोन चंद्र असा नकाशा काढला. तो उलगडतोय तोच माझा मेहुणा, धंद्याने प्लंबर, म्हणाला, "भाऊजी, किल्ल्याचं सांडपाणी कुठे जातं?"

"जादूने नाहीसं होतं."

"असं कसं? चारशे माणसं राहतात तिथे!"

झालं! तीन रविवार त्याने माझ्या डोक्याचा भुगा केला. बायको नर्स, तिनेही भावाचीच री ओढली, "रोगराई पसरेल हो." शेवटी मी हात टेकले आणि पेन त्याच्या हातात कोंबलं. "घाल बाबा तुझे पाइप, पण खेळू दे एकदाचं!" त्याने किल्ल्यापासून नदीपर्यंत गटार काढलं आणि गिऱ्हाइकाची घेतात तशी नकाशावर माझी सहीही घेतली. मी वैतागून न बघताच ठोकली.

चौथ्या रविवारी खेळ सुरू झाला. मी आवाज खोल केला. "नदीतून, गटाराच्या वाटेने, सात तोंडांचा राक्षस किल्ल्यात शिरतोय..."

"नाही शिरत," मेहुणा म्हणाला. फाशांना त्याने हातसुद्धा लावला नव्हता.

"का नाही?"

त्याने गटाराच्या तोंडावर बोट ठेवलं. तिथे बारीक चौकटींची जाळी होती आणि खाली माझी सही.

"लोखंडी आहे, भाऊजी. दहा वर्षांची गॅरंटी."