एकोणीस छर्रे

मैत्रिणीने पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, एक पाय भिंतीला रोवला आणि म्हणाली,

"धर घट्ट. सटकलं तर दात जातील. तसेही हल्ली तू ते कुणाला दाखवत नाहीसच म्हणा."

समोर बसलेल्या तिने मोटरसायकलचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे दोन दांडे, दोन्ही हातांनी धरला. पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलं होतं, इंजिनाखाली लाकडी खोका होता, आणि केबलींना लोंबकळणारं हँडल जुन्या टॉवेलात गुंडाळून टाकीवर ठेवलं होतं. मैत्रिणीने जोर लावला. दोनदा काहीच हललं नाही. तिसऱ्यांदा नट करकरला आणि सुटला.

मैत्रिणीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नट डब्यात टाकला. मैत्रीण शिलाई मशीन दुरुस्त करायची. शाळेत दोघी एका बाकावर बसत, तेव्हापासून जे बंद पडेल ते उघडून बघायची तिला खोड होती. मोटरसायकलही त्यातलीच, फक्त तेल जास्त पिते, असं तिचं म्हणणं. सकाळी आल्या आल्या तिने हँडल डावी-उजवीकडे फिरवून पाहिलं होतं. मध्यावर आलं की ते किंचित बसत होतं, दाराची कडी खाचेत बसावी तसं. हँडलचं बेअरिंग गेलंय, ती म्हणाली होती, नवीन पोलादी छर्रे आणि ते ज्यांत बसतात त्या नवीन वाट्या टाकू, दुपारपर्यंत मोकळं होईल.

चार वाजता भाऊ येणार होता. गाडी त्याला हवी होती. त्याच्या नव्या नोकरीचं ठिकाण लांब होतं आणि बाबांची गाडी वर्षभर पत्र्याखाली उभी होती. आईने गाडी उघडायला नको म्हटलं होतं. भंगारात द्या नाहीतर आहे तशी नेऊ दे, पण आता उकरून काय मिळणार, असं ती दोनदा म्हणाली आणि आत गेली ती सकाळपासून अंगणात आलीच नव्हती. स्वयंपाकघरातला नळ मात्र सारखा चालू होता.

आईला काही माहीत नाही, म्हणून ती असं म्हणू शकते, असं तिला वाटलं. भावाला या गाडीवर न उघडता बसू देणं तिला शक्य नव्हतं. आणि उघडल्यावर आत काय निघेल, याचा विचार ती गेले तेरा महिने रोज पहाटे जाग आल्यावर करत आली होती.

तेरा महिन्यांपूर्वी, एका शनिवारी, हेच बेअरिंग तिने आणि बाबांनी मिळून उघडलं होतं. बाबांना मोतीबिंदू झाला होता; रस्ता दिसतो म्हणत, पण जवळचं बारीक दिसत नसे. बारीक काम ते बोटांच्या अंदाजाने करत, मोजणीसाठी मात्र शेजारी कुणीतरी लागे. मोजणारा एक, लावणारा एक, हा त्यांचा नियम होता. ते वाटीत ग्रीस भरून एकेक छर्रा दाबून बसवत आणि ती मोठ्याने मोजे. वरच्या वाटीत अठरा, खालच्या वाटीत एकोणीस. खालच्या वाटीचं चालू असताना तिचा फोन वाजला. फोन ठेवून ती परत आली तेव्हा वाटी भरलेली दिसत होती.

"किती?" बाबांनी विचारलं होतं.

"एकोणीस," ती म्हणाली होती. ती शाळेत गणित शिकवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना पायरीच्या कोपऱ्यात एक छर्रा सापडला. बाबा गाडी घेऊन बाजारात गेले होते. आल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. ते आले तेव्हा खुशीत होते, गाडी लोण्यासारखी वळते म्हणाले. संध्याकाळी सांगू, असं तिने ठरवलं. मग तो छर्रा बटणांच्या डबीत जाऊन पडला. पुढच्या रविवारी ती दिवसभर पेपर तपासायला शाळेत होती. त्या रात्री जेवताना बाबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं,

"खालचे एकोणीसच होते ना गं?"

"हो," ती म्हणाली.

"मग बरं," म्हणून त्यांनी मीठ मागितलं. मीठ देताना त्यांच्या नखांत काळं दिसलं होतं, हेसुद्धा तिला आठवत होतं. त्या जेवणातलं तिला सगळंच आठवत होतं.

गुरुवारी बाबा गेले. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने पोलिसांना सांगितलं की वळण आलं आणि गाडी वळलीच नाही, सरळ गेली. डॉक्टर म्हणाले, चक्कर आली असेल, नाहीतर हृदय. घरात सगळ्यांनी मान डोलावली. तिनेही.

"अगं, कुठे आहेस?" मैत्रीण म्हणाली. "वरचे मोजून झाले, अठरा. आता खालचे. चादर नीट पसर, एक जरी गटारात गेला तर तुझ्या बाबांसारखं मीही तुला आडवं-उभं घेईन."

"बाबांनी मला कधीच आडवं-उभं घेतलं नाही."

"म्हणूनच तू अशी झालीस."

तिने फोर्कखाली पांढरी चादर सारखी केली. चादरीच्या कडा चारदा ओढून झाल्या तरी ती ओढतच राहिली, तेव्हा मैत्रिणीने तिचा हात बाजूला केला आणि फोर्क हळूहळू खाली सरकवला. काळपट ग्रीसमधून छर्रे टपटप पडले. एक घरंगळत तिच्या गुडघ्याला लागला. तिने तो उचलला नाही.

"मोज."

"तू मोज."

"मास्तरीणबाई तू, आणि मोजू मी?"

मैत्रिणीने मान हलवली आणि बोटाने छर्रे एका रांगेत सरकवायला सुरुवात केली. पाच. नऊ. बारा. ती रांगेकडे न बघता मैत्रिणीच्या बोटाकडे बघत होती. सोळा. सतरा. गुडघ्यापाशी पडलेला मैत्रिणीने ओढून घेतला, अठरा, आणि तिचं बोट थांबलं. तिने चादर चाचपली. चादरीची घडी उलगडून पाहिली.

"अठराच आहेत," ती म्हणाली.

आत नळ बंद झाला.

मैत्रिणीकडे न बघता ती बोलली, आवाज सरळ निघाला, वर्गात हजेरी घ्यावी तसा.

"एक मी कमी घातला होता. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी बाबांना सांगितलं नाही."

सकाळी बटणांच्या डबीतून काढून ओढणीच्या टोकाला बांधलेला छर्रा तिने गाठ सोडून तळहातावर घेतला आणि पुढे धरला. मैत्रिणीने तिचा तळहात मिटून दिला.

"एक कमी असला म्हणून हँडल अडकत नाही," ती हळू म्हणाली. "वाटीत थोडी जागा सुटलेलीच असते. वाजलं असतं, फार तर."

"बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर काही सांगितलंय?"

हे खरं होतं. पण तिच्या कानांवर ते पडलं आणि तसंच पुढे गेलं. मैत्रिणीने मग वर पाहिलं, फ्रेमच्या नळीखाली बोट घातलं आणि वाटीच्या कडेने, घट्ट झालेल्या ग्रीसमधून ते गोल फिरवलं. अर्ध्यावर बोट थांबलं. तिने नखाने काहीतरी खरवडून काढलं आणि चादरीवर ठेवलं.

"एकोणीस," ती म्हणाली.

मैत्रिणीने सगळे छर्रे रॉकेलच्या ताटलीत टाकले, ब्रशने हलवले आणि फडक्यावर काढले. अठरा मळकट होते, शिशासारखे, तिच्या मुठीतल्या छर्ऱ्यासारखे. एक चकचकीत होता.

"हा नवा आहे," मैत्रीण म्हणाली. "तुमच्यानंतर कुणीतरी हे उघडलंय. ग्रीसही दोन रंगांचं आहे बघ."

नखांतलं काळं. तिने डोळे मिटले. जेवायला बसलेले बाबा दिसले, एकोणीसच होते ना गं म्हणून विचारणारे, तेव्हा एकोणीस झालेले होते आणि ते त्यांना माहीत होतं. मीठ द्यायला तिने हात पुढे केला होता. ते थांबले होते, एखादा क्षण, आणि मग मिठाची वाटी घेतली होती.

मग तिला नियम आठवला. मोजणारा एक, लावणारा एक. बाबांना तर मोजता येत नव्हतं.

ती वळली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात ओले होते, पण तिने ते पुसले नव्हते. एका हाताने चौकट धरली होती, इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती. चादरीकडे ती बघत नव्हती. लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

"किती निघाले?" आईने विचारलं.

त्या आवाजातली भीती तिने ओळखली. तेरा महिने पहाटे जाग आल्यावर तिच्या मनात जी असे, तीच होती.

"एकोणीस," ती म्हणाली.

आईचा हात चौकटीवरून सुटला. ती पायरीवर बसली.

"मी दोनदा मोजले होते," ती म्हणाली. "पण माझ्या मोजण्याचा काय भरवसा. मी कुठे शिकलेली." थोड्या वेळाने ती म्हणाली, "हँडल टक टक वाजतंय म्हणून त्यांनी त्या रविवारी परत उघडलं, तू शाळेत होतीस तेव्हा. तुला सांगायचं नाही म्हणाले. ती सांगेल आपणहून, म्हणाले."

मग गाडी का वळली नाही, हे कुणी विचारलं नाही. विचारलं तरी उत्तर देणारं अंगणात कुणी नव्हतं, आणि हे आता मायलेकी दोघींनाही माहीत होतं. मैत्रीण उगाचच पाना पुसत राहिली. मग तिने नव्या छर्ऱ्यांची पुडी फोडली, नवी वाटी ग्रीसने भरली आणि चिमटा लेकीच्या हातात दिला.

"चार वाजता भाऊ येईल तुझा," ती म्हणाली. "लाव."

तिने पहिला छर्रा उचलला. छर्रा ग्रीसमध्ये बसला तरी तिने दुसरा उचलला नाही, आईकडे बघत थांबली. आईने ओले हात पदराला पुसले, एक पायरी खाली सरकली आणि वाटीवर वाकली.

"एक," आई म्हणाली.