मनुबाईची नवमी

रिसालदार आकाराम निकमला ज्या दिवशी गावानं घोड्यावर बसवलं, त्याच दिवशी त्याला आपली बायको मेल्याचं कळलं.

बहात्तर सालचा चैत्र होता. रहिमतपूर स्टेशनात तो गाडीतून उतरला तर समोर हलगी, गुलाल, हारांचं पोतं आणि सरपंच आप्पासो. वरातीचा एक पांढरा घोडा झूल घालून उभा केला होता.

"बसा रिसालदार," आप्पासो म्हणाले.

"आप्पासो, मी रणगाड्याचा माणूस. जनमात घोड्यावर बसलो न्हाई."

"घोडदळात हाय न्हवं तुमी?"

"ते नुसतं नावाला राहिलंय. घोडी कवाच गेली."

"ते तुमाला ठावं. लोकांला घोडा पायजे. वीर चक्र मिळालेला माणूस काय यष्टीनं गावात येतो व्हय? बसा गड्या."

आकाराम बसला. त्याच्या दोन्ही हातांची कातडी जळून नवी आली होती, गुलाबी आणि ताणलेली. लगाम धरता येईना. एकानं घोडा धरला आणि तो पोत्यासारखा वर बसून गावाकडं निघाला. मनात एकच होतं, वेशीत मनू उभी असेल आणि हा घोडा बघून हसून लोळेल.

प्रत्येक सुट्टीला ती वेशीत यायची. भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून लांब फेकायची, पायांवर तांब्याभर पाणी ओतायची आणि म्हणायची, "आधी पाय धुवा. मग गावाला तोंड दावा." लग्न झाल्यापासून यात कधी खंड पडला नव्हता.

वेशीत बायका होत्या. आरतीचं ताट धाकट्या भावाच्या बायकोच्या, रंगूबाईच्या हातात होतं. ती वर बघेना.

"मनू कुठं हाय?" आकारामनं विचारलं.

रंगूबाईनं ताट शेजारच्या बाईच्या हातात दिलं. निरांजन विझलं.

"आधी मिरवणूक हुं द्या रिसालदार," आप्पासो मागून म्हणाले. "मग घरचं बघू. वाजीव रं हलगी!"

आकाराम घोड्यावरून उतरला, उतरला म्हणजे पडलाच, आणि हार गळ्यात तसेच ठेवून घराकडं चालू लागला. हलगी थोडा वेळ त्याच्या मागून आली, मग थांबली. उंबऱ्यात धाकटा भाऊ कृष्णात बसला होता. त्यानं आकारामच्या पायांवर डोकं ठेवलं.

"दादा, वैनी गेली."

"कवा?"

"पौषात."

पौष, माघ, फाल्गुन गेले होते. दवाखान्यात पडल्या पडल्या आकाराम दुसऱ्याच्या हातून पत्रं लिहून घेत होता आणि कृष्णातचं उत्तर दर वेळी येत होतं, घरी सर्व खुशाल आहे. फौजेत लढाईवर असलेल्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही, ही त्या गावची जुनी चाल. घराघरात एक माणूस पलटणीत, त्यामुळं घराघरात ती पाळली जायची. पण लढाई डिसेंबरातच संपली होती.

"मला का कळीवलं न्हाईस?"

"तुमी आजारी व्हता."

"आजारी व्हतो. मेलो न्हवतो."

हे ऐकून कृष्णातनं मान आणखी खाली घातली. ती का घातली, हे आकारामला त्या दिवशी कळलं नाही.

आकाराम सेहेचाळीस साली साताऱ्याला भरती झाला. छाती मोजून घेणाऱ्यानं विचारलं, पायदळ का रिसाला? त्याला वाटलं रिसाल्यात घोडा मिळेल, म्हणून तो रिसाला म्हणाला. मिळाला रणगाडा. सवार म्हणजे साधा शिपाई म्हणून त्यानं दोन वर्षं तोफेची नळी पुसली, मग चालवायला शिकला, मग नेम धरायला. बढती मिळून दफेदार झाला. लग्न झाल्यावर एकदा मनुबाईला नगरला क्वार्टरमध्ये नेलं. तिनं रणगाड्याभोवती एक फेरी मारली, लोखंडाला हात लावला आणि विचारलं, "ह्याला वैरण किती लागती?" सगळी पलटण हसली. पुढं तो रिसालदार झाला तेव्हा तिनं पहिला प्रश्न केला, "आता तरी घोडा देत्यात का न्हाई?"

पासष्टला पंजाबात उभ्या उसातून रणगाडे घालावे लागले. स्वतःच्या घरी दीड एकर ऊस असलेला माणूस तो. घरी आल्यावर तिला म्हणाला, "गोळ्याचं काय वाटलं न्हाई मनू. पण तुऱ्याला आलेला ऊस तुडीवला." मूलबाळ नव्हतं. त्याचं ऐकायला तीच होती, आणि ती सगळं ऐकायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात शकरगडच्या बाजूला त्याच्या रणगाड्यानं शत्रूचे दोन रणगाडे मारले. मग त्याच्यावर गोळा आला. आग लागली. तो बाहेर पडला होता, पण चालवणारा आत अडकला. आकारामनं तापलेलं झाकण हातांनी उघडलं, त्याला ओढून काढलं, पाठीवर घेतलं आणि निघाला. दुसरा गोळा जवळ फुटला. चालवणारा वाचला नाही. आकारामला भलत्याच पलटणीच्या लोकांनी उचललं. कपडे जळालेले, गळ्यातला ओळखीचा बिल्ला गेलेला, तोंड सुजलेलं. नाव सांगायला त्याला तीन आठवडे लागले. तोवर त्याच्या पलटणीनं जळालेला रणगाडा बघून घरी तार केली होती, बेपत्ता, मारला गेल्याचा संभव. पलटणीचं यात काही चुकलं असं आकारामनं कधी म्हटलं नाही. त्यांनी संभव लिहिलं होतं.

बाकीचं त्याला सासऱ्यानं सांगितलं. सासरा तात्याबा सांगलीजवळ कुपवाडला राहायचा. मिरवणुकीनंतर चौथ्या दिवशी आकाराम तिकडं गेला. तात्याबानं त्याला पाणी दिलं, जेवण दिलं, आणि ताट उचलल्यावर बोलला.

"पावनं, माझी लेक तापानं गेली असं सांगितलं आसंल तुमाला."

"व्हय."

"धनुर्वातानं गेली. बांगडीची काच मनगटात घुसली व्हती."

आणि मग एकेक करत सगळं. तार आली तेव्हा मनुबाई म्हणाली, "रणगाडा जळला म्हनून मानूस जळला व्हय? कुनी बघितलाय?" तिनं कुंकू पुसायला नकार दिला. भावकी म्हणाली, दहावा घातला पाहिजे. ती म्हणाली, घालू नका. भावकी कदाचित गप्प बसली असती, पण आप्पासोनं चावडीपुढं शोकसभा ठरवली होती. साताऱ्याहून मोठी माणसं यायची होती. हुतात्म्याची बायको कपाळभर कुंकू लावून सभेत बसली तर ते बरं दिसणार नव्हतं. म्हणून सभेच्या आदल्या दिवशी दोन बायकांनी तिचे हात धरले आणि आकारामची चुलती साळूबाई हिनं पाट्यावर तिच्या बांगड्या फोडल्या. मनुबाईनं हात ओढला, तशी काच आत गेली. सभा झाली, भाषणं झाली. आठ-दहा दिवसांनी तिचा जबडा धरला. साताऱ्याला नेली तेव्हा उशीर झाला होता. पांढऱ्या लुगड्यात, मोकळ्या कपाळानं तिला जाळली. माघात दुसरी तार आली, रिसालदार जिवंत आहे.

"माझी लेक अहेव गेली, पावनं," तात्याबा म्हणाला. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईला तिकडं अहेव म्हणतात. तिला हिरवं लुगडं नेसवतात, नवरा तिचा मळवट भरतो. "अहेव गेली आन् इधवा म्हनून जळली."

आकारामनं हात उघडून बघितले. मूठ वळत नव्हती. वळली असती तर त्यानं त्या वेळी काय केलं असतं, कोण जाणे.

गावात परत आल्यावर त्यानं कृष्णातला मारलं नाही. एकच विचारलं, "तवा तू कुठं व्हतास?"

"दारात. समदी भावकी उभी व्हती दादा. मी एकटा काय करनार?"

"मी बी तिकडं एकटाच व्हतो," आकाराम म्हणाला, आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं कामापुरतं ठेवलं.

भाद्रपदात पितरांचा पंधरवडा आला. त्यातली नवमी अहेव गेलेल्या बायकांची. त्या दिवशी एखादी सवाष्ण बोलावतात, पुरणपोळीचं ताट वाढतात, ओटी भरतात. ती जेवली की गेलेलीला पोचलं असं मानतात. आकारामनं ठरवलं, मनूची नवमी करायची. देवाधर्माचा त्याला फार सोस नव्हता. पण ज्या गावानं दहा माणसांदेखत तिचं कुंकू पुसलं, त्या गावानं ते दहा माणसांदेखत परत द्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

तो घरोघर गेला. कुणी म्हणालं घरी आजारपण आहे. कुणी म्हणालं आमच्याकडंही त्याच दिवशी पितर. नवमीला पाट मांडला, रांगोळी काढली, रंगूबाईनं स्वयंपाक केला. ते दुष्काळाचं साल. लोक रेशनची परदेशी लाल ज्वारी, मिलो, खात होते. पुरणाचा वास गल्लीभर गेला. दुपार टळली तरी एक बाई येऊन त्या पाटावर बसली नाही.

"तू बस," तो रंगूबाईला म्हणाला.

रंगूबाई रडायला लागली. "भावजी, माझं कुंकू हाय. मोकळ्या कपाळानं गेलेलीच्या नावानं मी कशी बसू? तुमच्या भावाला काय झालं तर?"

आकाराम उठला आणि साळूबाईच्या दारात गेला. म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत होती.

"काकू, बायका येत न्हाईत."

"यायच्या न्हाईत. ती अहेव गेली न्हाई रं."

"मी तुज्यापुढं उभा हाय. जिता. मग ती अहेव गेली न्हाई म्हंजी काय?"

"बांगड्या फुटल्या का न्हाई?"

"तू फोडल्यास!"

म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "व्हय, मी फोडल्या. आन् माझ्या कुनी फोडल्या? तुजा चुलता बर्माच्या लढाईला गेला. तार आली. कुनी मढं बघितलं? मी बी म्हनलं, न्हाई फोडनार. माझ्या सासूनं माझ्या छातीवर गुडघा दिला. त्या पाठच्या घरातली, त्या वरच्या आळीतली, समद्या तारंवर रांडाव झाल्या. तवा कुनी आलं न्हाई सांगायला, थांबा म्हनून. आता तुजी बायको तेवढी सवाष्ण, आन् आमी? तिचं कुंकू खरं म्हनलं तर मग माझं कशापायी पुसलं?"

 

"तुजंबी चुकीचंच झालं काकू," आकाराम म्हणाला.

"मग ते भरून दे, आन् मग तुज्या बायकूचं माग," म्हातारी म्हणाली आणि आत गेली. दार लावलं.

तो अंगणात उभा असतानाच आप्पासो आले. ते त्यालाच शोधत होते. चेहऱ्यावर उत्साह होता.

"रिसालदार, मंजूर झालं! वेशीत दगडी कमान. वर तुमचं नाव, वीर चक्रासकट. दसऱ्याला पायाभरणी."

"माझं नाव नको."

"असं कसं?"

"तुमच्या मंडळींला माझ्या घरी जेवाया पाठवा. आज. आता. ताट वाढून ठेवलंय. त्या जेवून गेल्या की कमानीवर माझं नाव घाला, न्हाईतर घोड्याचं घाला."

आप्पासो हसले. मग हसू आवरलं. "रिसालदार, बाईमानसाच्या रीतीत आपुन पडू ने."

"बांगड्या फोडताना पडला व्हता की!" आकाराम ओरडला. आळीतली दारं किलकिली झाली. "सभा तुमची. हार तुमचं. साताऱ्याचं पावनं तुमचं. मनगट माझ्या बायकूचं. त्या दोन रणगाड्यांतली मानसं माझी दुश्मन व्हती, आप्पासो, पन त्यांनी तिला हात लावला न्हवता."

आप्पासो उपरणं झटकून गेले. दारं परत लागली. आकारामनं घरी येऊन ताट गाईपुढं ठेवलं.

पुढं तो कुपवाडला गेला तेव्हा तात्याबाच्या शेजारची पद्मावती भेटली. पाटलांची सून आणि गावचीच लेक, जैनांच्या घरातली, मनूची लहानपणची मैत्रीण. दोघी एका विहिरीवर पोहायला शिकलेल्या. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दाजी, आमच्यात ही पितरं न्हाईत," ती म्हणाली. "पन मनूसाठी मी बसती. इथंच करा. मी जेवती, माझी ओटी भरा."

आकारामच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाणी आलं. पण त्यानं मान हलवली.

"तुमी बसाल, ताई. पन बांगड्या तुमी फोडल्या न्हाईत. ज्या गावानं फोडल्या त्या गावच्या बायकांनीच बसाया पायजे."

"आन् न्हाई बसल्या तर?"

"तर मी इचारत ऱ्हानार."

कमान झाली. त्यावर त्याचं नाव आहे, तेही चुकीच्या हुद्द्यानं. सुभेदार म्हणून कोरलंय. आकाराम आता पेन्शनीवर घरी असतो. कमानीखालून तो जात नाही, ओढ्यातून जातो, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात, तो जात नाही. दर भाद्रपदात नवमीच्या आदल्या दिवशी मात्र तो धुतलेला सदरा घालून, पदक लावून घरोघर जातो. वर्षातून त्या एकाच दिवशी ते पदक लावतो. साळूबाईच्या दारापासून सुरुवात करतो आणि आप्पासोच्या दारात शेवट. प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणतो, "उद्या मनुबाईची नवमी हाय. जेवाया या." मागच्या वर्षी साळूबाईनं दार उघडून ऐकून घेतलं.

चौऱ्याहत्तर साल संपत आलं. तीन भाद्रपद गेले. पाट मांडला गेला, ताट वाढलं गेलं, कुणी बसलं नाही. मनुबाईची नवमी अजून झालेली नाही.