शिलाई मशीनचा ग्रुप

आमच्या मास्तरचं मशीन टाके सोडायला लागलं, तिथून हे सुरू झालं. मास्तर म्हणजे माझा नवरा. कपडे शिवतो आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाही. फोनवरच्या मशीन दुरुस्तीच्या ग्रुपचं मात्र त्यानं ऐकलं. त्यांनी व्हिडिओवर बघून दोऱ्याचा ताण बरोबर लावून दिला. मलाही ती माणसं देवासारखी वाटली.

मग विनोद यायला लागले, बाहेरून येऊन इथं राहिलेल्या लोकांवरचे. मास्तर हसायचा, मलाही दाखवायचा. हळूहळू विनोद आटले आणि फोटो, आकडे, 'आता तरी जागे व्हा' सुरू झालं. एक दिवस तो म्हणाला, काजं करणाऱ्या काकांना कामावरून काढू. काका बाहेरचे. पण माझं लग्न झालं तेव्हापासून ते दुकानात आहेत, सुई धरायला मी त्यांच्याकडूनच शिकले. वाण नाही पण गुण लागला, असं मी त्याला टोचून बोलले. काका गेले तर मीही जाईन, हेही सांगितलं. तेवढ्यापुरता त्यानं तो विषय सोडला.

भांडायचं तर त्यांचं म्हणणं माहीत हवं, म्हणून मीही ग्रुपमध्ये शिरले. तिथं सगळे मला वहिनी म्हणत, माझ्या पाठदुखीची चौकशी करत. त्यांतलाच एक जण लिहायचा, या लोकांच्या हाताशी धारदार वस्तू ठेवू नका. मी नाक मुरडायची आणि पुढचं वाचायची. इतकी मायाळू माणसं असं कसं लिहितात, ते मला कळेना. अजूनही कळत नाही.

आज मास्तर कापड आणायला गेला होता. काका आले, चष्मा पुसला, स्टुलावर बसले.

"ताई, काजाची कातर दिसत नाही."

खणात बघा म्हटलं. त्यांनी खण ओढला, तर त्याला कुलूप. कात्र्यांच्या खणाला आजवर कधीच कुलूप नव्हतं. माझं डोकं सणकलं. काकांच्या देखतच मास्तरला फोन लावला.

"कात्र्यांना कुलूप घालतोस? लाज नाही वाटत?"

"मी कशाला घालू? काल दुकान तूच बंद केलंस ना?"

मी पर्स उघडली. किल्ली त्यातच होती. कुलूप कधी लावलं, ते मला खरंच आठवेना. काका कातरीसाठी हात पुढे करून उभे होते.